शेंगापोळीचं उट्टं

मी डूख धरणारी बाई आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं वाचताना कुणी मला मायाळू अंगणवाडीताई वगैरे समजायला नको. टेंभुर्णीच्या पुढं एका उसाच्या गावात मी चौदा वर्षं अंगणवाडी चालवते. लेकरांची वजनं घेते, दंडाला मापाची पट्टी लावते, बाळसं न धरणाऱ्या पोरांना मांडीवर घेऊन भरवते. बाईंचा लेकरांवर लई जीव, असं गाव म्हणतं. जीव आहे, खोटं नाही. पण या कामात मी आले ती जीव होता म्हणून नाही. थोरल्या जाऊबाईंचं उट्टं काढायचं होतं म्हणून आले.

सतरा वर्षांपूर्वी आमची चूल एक होती. सासूबाई थकलेल्या, त्यामुळं स्वयंपाकघर थोरल्या जाऊबाईंच्या ताब्यात. कुणाच्या ताटात काय पडायचं ते त्या ठरवायच्या. माझी मुलगी तेव्हा दीड वर्षाची. जुलाबाचं निमित्त झालं आणि ती वाळतच गेली. हातापायाच्या काड्या, ढुंगणावरची कातडी सैल, रडायचं बळसुद्धा राहिलं नव्हतं. टेंभुर्णीच्या डॉक्टरांनी सोलापूरला पाठवलं, तिथल्या सरकारी दवाखान्यात आम्ही मायलेकी पंधरा दिवस राहिलो.

त्या वॉर्डात एक आहाराच्या बाई होत्या. फार बोलायच्या नाहीत. आम्हा सगळ्या आयांना गोल बसवून त्यांनी एकदाच समजावलं की या लेकरांचं पोट मुठीएवढं आहे, त्यात पातळ भाताची पेज ओतली तर पोट भरतं पण अंगाला काही लागत नाही. घासभरात ताकद मावली पाहिजे. मग भाजलेले शेंगदाणे, गूळ, दुधाची पावडर आणि तेल एकत्र वाटून त्या मऊ लगदा करायच्या आणि चमच्याच्या टोकानं भरवायला शिकवायच्या. पहिले दोन दिवस माझी मुलगी तोंड फिरवत होती. तिसऱ्या दिवशी तिनं चमचा चाटला आणि चमचा काढून घेतल्यावर रडली. ते रडणं ऐकून मी वॉर्डाच्या बाहेर जाऊन हसले होते.

घरी निघताना बाईंनी त्या लगद्याच्या दोन मोठ्या बरण्या हातात ठेवल्या. हे जेवण समजू नका, औषध समजा, दिवसातून सहा-सात वेळा द्या आणि हिच्याशिवाय कुणाला देऊ नका, असं दोनदा बजावलं. घरी आल्यावर मीही सगळ्यांना तसंच सांगितलं. औषध आहे, मुलीचं आहे. बरण्या फडताळात वरच्या फळीवर ठेवल्या.

चूक तिथंच झाली. आमच्याकडं औषध कडू असतं, नाहीतर निदान त्याला औषधाचा वास तरी असतो. ज्याला भाजलेल्या शेंगांचा आणि गुळाचा वास येतो त्याला आमच्या सोलापूर भागात एकच नाव आहे, शेंगापोळीचं सारण. चौथ्या दिवशी जाऊबाईंचे भाऊ बार्शीहून अचानक आले. भावासाठी काहीतरी गोड करायचं, आणि शेंगा भाजून, सोलून, कुटायला वेळ नव्हता. त्यांनी फडताळातून दोन्ही बरण्या काढल्या, वेलदोडा टाकला, वर आणखी थोडा गूळ घातला आणि पोळ्या लाटल्या.

मी रानात खुरपायला गेले होते. सासूबाईंजवळ मुलगी ठेवली होती, वाटीत काढून दिलेला लगदा त्या तिला भरवणार होत्या. दुपारी घरी आले तेव्हा पंगत चालू होती. मलाही ताट वाढलं. भूक सडकून लागली होती. मी दोन पोळ्या तुपाशी खाल्ल्या. वर मीच म्हणाले, सारण आज फार मऊ झालंय. माझ्या तोंडानं म्हणाले. मग हात धुऊन मुलीची वाटी भरायला फडताळाशी गेले तर बरण्या नाहीत. त्या मोरीत घासायला पडल्या होत्या.

मी आरडाओरडा केला, अगदी तोंडाला येईल ते बोलले. जाऊबाई भावाच्या ताटात तूप वाढत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

"शेंगा-गुळाचं औशद कुटं आसतंय व्हय? घरात आलेला जिन्नस घराचा. तुज्या दुधात कस आसता तर बरण्या आणायची येळ आली आसती का?"

माझे मालक ताटाकडं बघत राहिले. सासूबाईंनी मुलीला दुसऱ्या मांडीवर घेतलं. पाहुणा घास गिळून पाणी प्यायला. त्या पंगतीत मी डूख धरला.

पुढचं वर्षभर मी गोठ्यामागच्या दगडी उखळात शेंगा कांडल्या. आमच्याकडं शेंगाचटणी कांडतात तशाच, तेल सुटेपर्यंत, फक्त तिखट-लसणाऐवजी गूळ आणि शेजारणीकडून आणलेली दुधाची पावडर. मुसळाच्या प्रत्येक घावाला जाऊबाई डोळ्यासमोर असायच्या. मुलगी जगली. आज ती बार्शीला कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे, हुशार आहे, तोंडाळ आहे. पण तिची उंची खुंटली ती खुंटलीच. वर्गातल्या मुलींच्या खांद्याला लागते. त्या दोन बरण्यांनी असं झालं असं कुणी डॉक्टर म्हणणार नाही. मी म्हणते. त्या पोळ्यांनंतर तीन वर्षांनी अंगणवाडीची जागा निघाली, कळलं त्याच दिवशी मी अर्ज केला. मनात हिशेब सरळ होता. गावातलं प्रत्येक लेकरू कधी ना कधी माझ्या काट्यावर येणार, आणि जाऊबाईंच्या घरातही लेकरं होणारच.

आम्ही वेगळे झालो. एका गल्लीत दोन चुली झाल्या, येणं-जाणं बंद झालं. मला वाटलं होतं त्यापेक्षा बरीच जास्त वाट बघावी लागली. मग दोन वर्षांपूर्वी त्यांना नातू झाला.

त्यांची सून अक्कलकोटकडची, माहेर कानडी बोलणारं. बारावी झालेली, अंगानं किरकोळ, नजरेला नजर देऊन बोलणारी. एका वजनाच्या दिवशी ती गिरणीत दळण टाकायला जाते असं सासूला सांगून माझ्याकडं आली. दळणाचा डबा दारात ठेवला आणि चौदा महिन्यांचं लेकरू माझ्या मांडीवर दिलं. मी त्याला उचललं आणि काट्यावर ठेवायच्या आधीच मला कळलं. सतरा वर्षांपूर्वी हे वजन मी हातांनी रोज तोललं होतं. दंडाला पट्टी लावली. पट्टीला हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे असतात. खूण लाल पट्ट्यात आली, चांगली आत.

लाल म्हणजे काय करायचं ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. त्याच दिवशी नर्सबाईंना फोन. पोराला भूक लागते का ते समोर भरवून बघायचं. भूक असेल तर लगेच पाकिटं सुरू. हल्ली ती शेंगदाण्याची पेस्ट सरकारकडून पाकिटांत येते, कोपरा फाडून थेट तोंडात द्यायची. माझ्या कपाटात तेव्हा त्याचा आख्खा खोका होता. किल्ली माझ्या कमरेला होती.

सून विचारत होती, काय झालंय का काकी. मी म्हटलं, जरा वजन कमी आहे, तुझ्या सासूला पाठव, त्या आल्या की बघू. सासूला ती आत्याबाई म्हणते; तिनं सांगितलं, आत्याबाई याला चहात बिस्कीट बुडवून देतात, भाताचं वरचं पाणी देतात, आमच्या घरातली पोरं अंगानं बारीकच म्हणतात, काट्यावर चढवलं की नजर लागते म्हणतात. मी ऐकून घेतलं. पुन्हा तेच म्हटलं, सासूला पाठव. रजिस्टरात माप मात्र खरं लिहिलं, खोटा आकडा माझ्या हातून कधी पडला नाही. फोन तेवढा केला नाही.

जाऊबाई आल्या नाहीत. तिच्या दारात मी पाय ठेवणार नाही, असं त्या म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं. मीही हलले नाही. त्यांच्या दारावरून रोज जायचे, रस्त्यात समोर आल्या की त्या मान फिरवायच्या. मला त्या फिरवलेल्या मानेचं कौतुक वाटायचं. फिरवा, म्हणायचे मनात, किती दिवस फिरवाल. त्यांच्या कडेवरचं लेकरू वाळत चाललेलं दिसायचं, आणि तरी मी उद्यावर ढकलायचे. आज येतील, उद्या येतील. खरं सांगायचं तर त्या तीन आठवड्यांत मला जेवण फार गोड लागलं.

मग पोराला जुलाब सुरू झाले आणि दोन दिवसांत ते मान टाकू लागलं. सकाळी अकराच्या सुमाराला अंगणवाडीत सात-आठ बायका शिधा न्यायला आल्या होत्या. जाऊबाई नातवाला खांद्यावर घेऊन दारात उभ्या राहिल्या. पदर घसरला होता, केस विस्कटले होते. सून मागं होती. मी उठले नाही. या क्षणाला काय बोलायचं ते मी सतरा वर्षं घोकलं होतं, त्यामुळं शब्द शोधावे लागले नाहीत. सगळ्या बायकांच्या देखत म्हटलं,

"आदी एक सांगा जाऊबाई. माज्या दुधात काय न्हाय म्हणला हुता तुमी?"

त्यांनी नातवाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मी आठवण करून दिली. बरण्या, पोळ्या, बार्शीचा भाऊ. त्यांच्या चेहऱ्यावर मी शरम शोधत होते, निदान राग तरी. तिथं काहीच नव्हतं.

"मला काय आठवत न्हाय बाई," त्या म्हणाल्या. "पर तू म्हणशील तसं म्हणती. कस हुता तुज्या दुधात. लई कस हुता. आता ह्येला बग."

तलाठ्यासमोर सही करावी तसं त्यांनी ते म्हणून टाकलं. मी ज्या वाक्यावर सतरा वर्षं जगले ते त्यांना आठवतसुद्धा नव्हतं. एक दिवसही त्यांनी ते उरावर वाहिलं नव्हतं. मला संताप आला, आणि त्या संतापातच मी पाकीट फाडलं.

पोरानं ते घेतलं नाही. ओठाला लावलं तर जीभ बाहेर आली नाही. सून त्याच्या कानाशी वाकून "उण्णू कंदा, उण्णू" म्हणत होती, जेव रे बाळा, असं तिच्या माहेरच्या बोलीत. पेस्ट हनुवटीवर ओघळली. मी फोन केला तशा नर्सबाई धावत आल्या, अर्धा तास थांबल्या, मग म्हणाल्या, भूक मेलीय, आता इथं ठेवायचं नाही. गाडी आली. सून लेकराला घेऊन सोलापूरला गेली.

पोर बारा दिवस दवाखान्यात होतं, ते दिवस मी कसे काढले ते सांगते. देवाला काही बोलले नाही, मला तोंड नव्हतं. रोज नर्सबाईंना विचारायचे, त्या सांगायच्या, सलाईन चालू आहे, नळीनं दूध देताहेत, आज थोडं चमच्यानं घेतलं. पोर दगावलं असतं तर जाऊबाईंनी कपाळ बडवून घेतलं असतं आणि गावानं जुलाबाला दोष दिला असता. खरं काय ते मला ठाऊक होतं. आणि एवढं असूनही माझ्या मनातला जाऊबाईंवरचा राग रतीभर कमी झाला नव्हता. उलट वाटायचं, यांच्या ताठ्यापायी माझ्यावर ही वेळ आली.

पोर परत आलं. डोळ्यांत जरा तेज आलं होतं, चमचा बघून तोंड उघडत होतं. पुढचं भरवणं माझ्याकडं होतं, आणि नियम मी केला. पाकीट घरी न्यायचं नाही. प्रत्येक वेळी आजीनं पोराला घेऊन यायचं, हात साबणानं धुवायचे, सतरंजीवर लहान पोरांच्या ओळीत बसायचं, माझ्यासमोर भरवायचं आणि रिकामं पाकीट मला उलटं करून दाखवायचं. आजीनंच का, आई का नाही, असं नर्सबाईंनी विचारलं. मी म्हटलं, घरात पोराच्या तोंडात काय जातं ते आजी ठरवते, शिकवायचं तर तिला शिकवू. कारण पटण्यासारखं होतं. खोटंही नव्हतं.

जाऊबाई दिवसातून पाच वेळा येऊ लागल्या. गुडघे दुखायचे, सतरंजीवरून उठताना भिंतीचा आधार घ्यायच्या. मी खुर्ची दिली नाही. मधे पाकिटं यायची थांबली, वरून माल आला नव्हता. मग मी घरचं दगडी उखळ अंगणवाडीच्या पडवीत आणून टाकलं आणि मुसळ त्यांच्या हातात दिलं. शेंगा त्यांनी कांडायच्या, गूळ त्यांनी घालायचा, मी फक्त बघायचं. घाम निथळायचा तरी मी म्हणायचे, अजून तेल सुटलं नाही जाऊबाई, चटणीचं नाही, औषधाचं काम आहे. त्या पुन्हा मुसळ उचलायच्या. एकदा बोटाला लागलेला लगदा चाटायला त्यांनी हात तोंडाकडं नेला आणि माझ्याकडं बघून तो खाली केला, धुवून टाकला. सबंध आयुष्यात मला इतकं समाधान कशानं झालं नाही.

पोर वाढत होतं. आधी मांड्या भरल्या, मग गाल. ते उभं राहू लागलं, मुसळाला धरून उभं राहायचं आणि आजीला कांडू द्यायचं नाही. पट्टीची खूण पिवळ्यात आली, मग एका वजनाच्या दिवशी हिरव्यात. बायकांनी पेढे मागितले. जाऊबाईंनी चारचौघींत माझा हात धरून म्हटलं, हिच्यामुळं माझा नातू वाचला. मी हात सोडवून घेतला नाही. जिंकले होते. त्या सगळ्या गावात हे सांगत फिरणार होत्या आणि मी ते ऐकणार होते.

सगळ्या गेल्यावर सून मागं राहिली. लेकराला तिनं कडेवर घेतलं होतं. तिनं टेबलावरची दंडाची पट्टी उचलली, बोटांवर गुंडाळली, उलगडली. दवाखान्याच्या भिंतीवर असल्या पट्टीचं मोठं चित्र होतं, ते बारा दिवस वाचत होते, असं म्हणाली. लालच्या खाली काय लिहिलं होतं तेही तिनं सांगितलं, त्याच दिवशी उपचार सुरू करा. मग म्हणाली,

"मी पयल्यांदा आले त्या दिवशी खूण लालच हुती की, काकी."

पाकिटं नव्हती, असं सांगता आलं असतं. नर्सबाई रजेवर होत्या, असंही. मी व्हय म्हटलं. आणि मग सगळं सांगितलं, बरण्या, शेंगापोळ्या, मी खाल्लेल्या दोन पोळ्या, तूप वाढता वाढता जाऊबाई काय बोलल्या ते. मला वाटलं, हिला कळेल. हीही त्याच घरात सून होऊन आली आहे, तिच्याही लेकराच्या ताटात तेच हात आहेत, मग माझा राग हिच्याएवढा कुणाला कळणार. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. तिचे डोळे भरले तेव्हा मला बरंसुद्धा वाटलं.

"आत्याबाई अडाणी हायत," ती म्हणाली. "त्यास्नी कायबी ठावं नव्हतं. तुमाला समदं ठावं हुतं."

पट्टी टेबलावर ठेवून ती निघून गेली.

महिन्याला एकदा ती अजून येते. जाऊबाईंना आता ती पाठवत नाही. लेकराला मला हात लावू देत नाही. काट्यावर स्वतः ठेवते, दंडाला पट्टी स्वतः लावते, आकडा मोठ्यानं वाचते आणि मी तो रजिस्टरात लिहीपर्यंत माझ्या पेनाकडं बघत उभी राहते. भांडत नाही, टोमणा मारत नाही, वर तक्रारही केलेली नाही. मी रोज तिची वाट बघते. ती काय करील आणि कधी करील, मला माहीत नाही. माझी सतरा वर्षं गेली होती आणि तिचं वय अजून पंचवीससुद्धा नाही.